फिका की गडद? राखी-हिरव्या भिंतीचा हिशेब

कापडाच्या पेढीवर वाढलेल्या मुलाला एक गोष्ट मुद्दाम शिकवावी लागत नाही. गिऱ्हाईक बाईंनी साडी पसंत केली, पदर निरखला, भाव ठरला, तरी त्या क्षणभर थांबतात. साडीची घडी हातावर घेऊन दुकानाच्या उंबऱ्याशी जातात आणि बाहेरच्या उजेडात ती उलगडून पाहतात. जाणता दुकानदार त्यांना अडवीत नाही. उलट तोच म्हणतो, "ताई, एकदा बाहेर उजेडात बघून घ्या, मग बांधून देतो." दिव्याखालचा रंग आणि दिवसाचा रंग एक नसतो, हे त्याला ठाऊक असते. उजेडात न पाहता नेलेली साडी दुसऱ्या दिवशी परत येते आणि तिच्याबरोबर दुकानाची थोडी पतही जाते.

हाच दुकानदार स्वतःचे घर रंगवायला काढतो, तेव्हा मात्र हा धडा विसरतो. रात्री दुकान वाढवून घरी आल्यावर बैठकीत ट्यूबलाइटखाली शेडकार्ड उघडले जाते. दोन बोटांएवढ्या चौकोनावर कुणीतरी बोट ठेवतो, कंत्राटदाराला नंबर कळवला जातो आणि पुढील पाच-सात वर्षे सारे कुटुंब त्या निर्णयाच्या चार भिंतींत राहते. साडी परत करता येते. भिंत परत करता येत नाही.

अलीकडे अनेक घरांत हा प्रश्न एका विशिष्ट रंगाभोवती घोटाळताना दिसतो. तो रंग म्हणजे राखी-हिरवा. याची फिकी छटा रुईच्या पानासारखी असते; हिरवेपणावर जणू पांढुरकी लव बसलेली. गडद छटा पावसाळ्यात ओल्या काळ्या दगडावर चढलेल्या शेवाळासारखी असते. दोन्ही छटा शांत, दोन्ही सभ्य, दोन्ही सागवानी लाकडाशी आणि पितळी भांड्यांशी जुळणाऱ्या. हा रंग परका आहे असेही नाही. दख्खनच्या काळ्या पाषाणातील पोकळ्यांत सापडणारी हिरवी माती अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत वापरलेली आहे. तिचा हिरवा मुळातच थोडा धुरकट, थोडा राखी असतो. प्रश्न रंग आवडण्या-न आवडण्याचा नाहीच. प्रश्न आहे फिका घ्यावा की गडद, आणि तो कोणी, कसा ठरवावा.

एका घरातील वाद

कल्पनेने एक घर डोळ्यांसमोर आणावे. खाली दुकान, वर राहते घर. रस्त्याकडे तोंड असलेली बैठक, मागे उत्तरेकडे जेवणघर, एका कडेला हिशेबाच्या वह्या आणि संगणक असलेली लहान खोली. घरात तीन पिढ्या. सूनबाईंना गडद छटा हवी आहे. एका मैत्रिणीच्या घरी त्यांनी ती पाहिली आहे आणि ती त्यांच्या मनात भरली आहे. मुलाला फिकी हवी आहे. गडद रंगाने खोली लहान दिसते, असे त्याने ऐकले आहे. शेडकार्ड शेवटी आजींच्या हाती जाते.

"आई, तुम्हीच सांगा. हा की हा?"

आजी कार्ड जवळ धरतात, लांब धरतात. "सूनबाई, मला तर दोन्ही राखेसारखेच दिसतात. एक कोरडी राख, एक ओली."

सगळे हसतात आणि आजींचे मत बाजूला पडते. वास्तविक त्या दिवशीचे सर्वांत महत्त्वाचे वाक्य त्यांनीच उच्चारलेले असते.

माणसाच्या डोळ्यातील भिंग वयानुसार पिवळसर होत जाते आणि बाहुलीही तरुणपणाइतकी मोठी होत नाही. साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत विशीतील तरुणाच्या मानाने सुमारे एक-तृतीयांश प्रकाश पोहोचतो. पिवळसर भिंग निळ्या बाजूचा प्रकाश अधिक अडवते. त्यामुळे निळसर-हिरव्या छटांमधील बारीक भेद प्रथम पुसट होतात. मोतीबिंदू असेल तर ही अडचण आणखी वाढते. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने याच्या डोळ्यावर १९२३ मध्ये मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. त्याआधीच्या काही वर्षांतील त्याच्या चित्रांत तांबूस-तपकिरी छटांचे प्राबल्य दिसते. आयुष्यभर रंगांशी खेळलेल्या माणसाचीही जर ही स्थिती, तर घरातील ज्येष्ठांना राखी-हिरव्यातील हिरवा दिसत नाही यात नवल नाही.

म्हणजे सून आणि सासू यांच्यात मतभेद असतो असे आपण समजतो, तेव्हा पुष्कळदा त्या दोघी एकच भिंत पाहतच नसतात. हे एकदा ध्यानात आले की अर्ध्या वादाची धार बोथट होते. आणि एक व्यवहाराची गोष्टही स्पष्ट होते: ज्या खोलीत ज्येष्ठ व्यक्ती दिवसाचे अधिक तास काढते, त्या खोलीचा रंग तिच्या डोळ्यांनी तपासला पाहिजे.

कार्डावरचा चौकोन आणि भिंत

प्रत्येक रंग त्याच्यावर पडलेल्या प्रकाशाचा काही भाग परत फेकतो. रंगकंपन्या हे प्रमाण शून्य ते शंभर या मापात मांडतात आणि त्याला एलआरव्ही म्हणतात. शून्य म्हणजे पूर्ण काळा, शंभर म्हणजे पूर्ण पांढरा. फिक्या राखी-हिरव्याचा आकडा साधारण साठच्या आसपास, तर गडद छटेचा दहा-पंधराच्या घरात असतो. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर फिकी भिंत खिडकीतून आलेल्या शंभर रुपयांच्या उजेडापैकी साठ रुपये खोलीला परत देते. गडद भिंत बारा रुपये देऊन उरलेले स्वतःकडे ठेवते. पुष्कळ कंपन्या हा आकडा आपल्या माहितीपत्रकात देतात. दुकानात तो विचारून घ्यावा.

पण आकडा कळला म्हणजे रंग कळला असे नव्हे. कार्डावरचा चौकोन एकटा असतो आणि त्याच्या भोवती पांढरा कागद असतो. खोलीत मात्र चार भिंती एकमेकींसमोर उभ्या असतात. एका भिंतीवरून उसळलेला हिरवट प्रकाश दुसऱ्या भिंतीवर पडतो, तेथून तिसऱ्या. प्रत्येक उसळीत रंग अधिक दाट होतो. म्हणून कार्डावर सौम्य वाटलेला रंग प्रत्यक्ष खोलीत अधिक हिरवा आणि अधिक गडद भासतो. कोपऱ्यात हा परिणाम सर्वांत जास्त दिसतो. "आम्ही तर फिका घेतला होता, हा असा कसा आला?" या तक्रारीचे कारण बहुधा डब्यात नसते, ते भूमितीत असते.

शेजाऱ्याचा गुण

रंगाच्या तक्रारीवरून एक मोठा शोध लागल्याची गोष्ट व्यापारी कुटुंबांना विशेष भावेल. पॅरिसमध्ये गोबलँ नावाचा चित्रपडदे विणणारा प्रसिद्ध कारखाना आहे. १८२४ पासून तेथील रंगविभागाची जबाबदारी मिशेल यूजेन शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाकडे होती. काही काळ्या लोकरीचा रंग उतरलेला, कमजोर दिसतो, अशी तक्रार त्याच्यापुढे आली. शेव्रलने ती लोकर इतर ठिकाणच्या उत्तम काळ्या लोकरीशी ताडून पाहिली. रंगात खोट नव्हती. खोट होती शेजारात. निळ्या-जांभळ्या धाग्यांच्या शेजारी विणलेला तोच काळा डोळ्याला फिका भासत होता. या निरीक्षणाचा त्याने वर्षानुवर्षे पाठपुरावा केला आणि १८३९ मध्ये त्यावरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचा सारांश असा की, डोळा कोणताही रंग एकटा पाहत नाही. शेजारच्या रंगाच्या तुलनेतच पाहतो.

राखी-हिरवा हा स्वभावाने भिडस्त रंग आहे. त्यात हिरवाही पुरता नाही आणि राखीही पुरता नाही. त्यामुळे शेजाऱ्याचा गुण त्याला फार लवकर लागतो. जुन्या घरातील लाल कोबा किंवा तांबूस फरशी असेल, तर तिच्या शेजारी भिंतीतील हिरवा उसळून वर येतो. खिडकीत कुंड्यांची दाट हिरवळ असेल, तर तीच भिंत तिच्यापुढे नुसती राखी भासते. सागवानी दारे-चौकटी या रंगाला ऊब देतात. समोरच्या इमारतीची पिवळी भिंत दुपारच्या उन्हात आपला पिवळेपणा खिडकीतून आत पाठवते.

कोटा फरशीची गोष्ट निराळी. ती स्वतःच राखी-हिरवी असते. अनेक व्यापारी घरांत, जिन्यांत आणि दुकानांत ती पूर्वीपासून आहे. तिच्या सोबतीला भिंतीचा रंग जवळपास तितक्याच गडदपणाचा निवडला, तर जमीन आणि भिंत एकमेकींत मिसळतात. खोली निस्तेज वाटते आणि ज्येष्ठांना भिंत कोठे संपते व जमीन कोठे सुरू होते हे चटकन समजत नाही. कोट्यावर भिंत एकतर स्पष्टपणे फिकी हवी किंवा स्पष्टपणे गडद. मधला मार्ग येथे उपयोगाचा नाही.

दिवसाचे प्रहर, वर्षाचे ऋतू

सकाळचे पूर्वेचे ऊन पिवळसर असते. दुपारचा उजेड पांढरा आणि कठोर. उत्तरेच्या खिडकीतून येणारा प्रकाश बहुतांशी आकाशाचा असतो. तो स्थिर, पण किंचित निळसर. मावळतीचे ऊन तांबूस. राखी-हिरवी भिंत या प्रत्येक प्रहरी निराळी दिसते. शेडकार्ड मात्र रात्री ट्यूबलाइटखाली पाहिलेले असते.

आपल्याकडे रंगकाम बहुधा दिवाळीच्या तोंडावर निघते. पाऊस सरलेला, हवा धुतलेली, उजेड स्वच्छ. या दिवसांत कोणताही रंग खुलून दिसतो. पण त्याच भिंतीला पुढे जून ते सप्टेंबर असे चार महिने ढगाळ उजेडातही राहायचे असते. ऑक्टोबरात मोहक वाटलेली राखी छटा आषाढात मळकट वाटू शकते. म्हणून नमुना पाहताना एकदा खिडक्यांचे पडदे अर्धे ओढून, मंद उजेडातही तो पाहावा. पावसाळ्याची ती रंगीत तालीम समजावी.

संध्याकाळचा विचार या वाचकवर्गासाठी विशेष महत्त्वाचा. ज्या घरांत सूर्यास्तापूर्वी जेवण होते, तेथे जेवणघराचा खरा उपयोग दिवस कलताना होतो. मुंबईच्या परिसरात सूर्यास्त हिवाळ्यात सुमारे सहाला, तर जुलैच्या आरंभी सव्वासातनंतर होतो. म्हणजे जेवणघराच्या भिंतीची कसोटी वर्षभर सायंकाळी पाच ते सात या वेळेतच लागते, आणि पुष्कळदा दिवा न लावता. या वेळी डोळ्यात एक सूक्ष्म बदल होत असतो. भरपूर उजेडात डोळा ५५५ नॅनोमीटरच्या, म्हणजे पिवळट-हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतो. अंधारताना हे केंद्र ५०७ नॅनोमीटरकडे, निळसर-हिरव्याकडे सरकते. एकोणिसाव्या शतकात पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने हे प्रथम टिपले. तिन्हीसांजेला बागेतील लाल जास्वंद काळवंडते, पण पाने मात्र उजळ राहतात, हा अनुभव त्याच कारणाने येतो. राखी-हिरवा रंग या वेळेला तपकिरी किंवा मरून रंगापेक्षा अधिक काळ टिकून राहतो. मात्र हा लाभ फिक्या छटेला अधिक. गडद छटेजवळ परत देण्यासारखा उजेडच थोडा असतो. ती सहाच्या सुमारास मिटू लागते आणि ताटातील पदार्थ पाहायला दिवा लावावा लागतो.

दिव्यांचा गुणही जाणून घ्यावा. पिवळसर एलईडीखाली राखी-हिरवा मातकट, मेंदीकडे झुकलेला दिसतो; निळसर पांढऱ्या एलईडीखाली तोच थंड, पोलादी दिसतो. खोक्यावर पिवळसर दिव्याला २७०० किंवा ३००० केल्विन आणि निळसर पांढऱ्याला ६५०० केल्विन असा आकडा छापलेला असतो. रंग ठरवण्यापूर्वी खोलीत कोणता दिवा राहणार हे ठरवावे. भिंत आधी आणि दिवा नंतर, हा क्रम उलटा आहे.

फिका नेहमी सुरक्षित नसतो

अंधाऱ्या खोलीला फिका रंग द्यावा, असा सर्वसाधारण समज आहे. स्वच्छ पांढऱ्या किंवा पिवळसर फिक्या रंगाबाबत तो बऱ्याच अंशी खरा आहे. राखी-हिरव्याबाबत मात्र तो फसवा ठरू शकतो. या रंगातील राखी अंश आधीच प्रकाश गिळतो. त्यात खोलीला उजेड अपुरा असेल तर हिरवा दिसेनासा होतो आणि मागे राहते ती जुनाट, धूर बसलेली भिंत. डक्टकडे उघडणाऱ्या खिडकीच्या खोलीत हा अनुभव अनेकांना येतो. अशा ठिकाणी राखी अंश कमी असलेली, अधिक निर्मळ फिकी हिरवी छटा घ्यावी. अथवा खोली अंधारी आहे हे मान्य करून गडद छटा घ्यावी आणि दिव्यांची योजना चांगली करावी. मुख्यतः रात्री, दिव्याखाली वापरल्या जाणाऱ्या खोलीत गडद राखी-हिरवा फार प्रसन्न वाटतो. वह्या-पुस्तकांची खोली, संगणकावर काम करण्याची जागा, पश्चिमेच्या उन्हाने डोळे दिपवणारी खोली, या गडद रंगाच्या हक्काच्या जागा आहेत.

गडद रंग ज्येष्ठांना नेहमीच गैरसोयीचा असतो, हेही खरे नाही. पांढऱ्या भिंतीवर पांढरी बटणपट्टी अधू डोळ्याला सापडत नाही. गडद भिंतीवर ती लांबून दिसते. पांढऱ्या दारचौकटीभोवती गडद भिंत असेल तर दार कोठे आहे हे रात्री उठल्यावरही कळते. ज्येष्ठांना उजेड हवा असतो, तसाच भेदही हवा असतो.

खर्चाची बाजू

चौदा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली घ्यावी. चार भिंतींचे क्षेत्रफळ ५२० चौरस फूट. दारे-खिडक्यांचे ८० वजा केले तर ४४० उरतात. डब्यावर दोन हातांसाठी लिटरला ६० चौरस फूट असा आकडा असेल, तर सव्वासात-साडेसात लिटर रंग लागेल.

गडद छटेचा हिशेब येथे बदलतो. दुकानातील यंत्र रंग तयार करताना फिक्या छटेसाठी पांढरा बेस वापरते; त्यात झाकण्याची ताकद असलेले टायटॅनियम डायऑक्साइड भरपूर असते. गडद छटेच्या बेसमध्ये ते अल्प असते. त्यामुळे दोन हातांत भिंत पुरती झाकली न जाण्याचा संभव असतो आणि तिसरा हात द्यावा लागतो. म्हणजे आणखी साडेतीन-पावणेचार लिटर रंग आणि एका हाताची मजुरी. शिवाय रंगद्रव्य जास्त लागत असल्याने गडद छटेचा लिटरमागे दरही पुष्कळदा अधिक असतो.

परतीचा खर्च तर कोणी मांडतच नाही. फिका रंग नकोसा झाला तर त्यावर गडद चढवणे सोपे. गडद नकोसा झाला तर आधी प्रायमर, मग फिक्या रंगाचे दोन किंवा तीन हात. मन डळमळीत असेल तर फिक्याने सुरुवात करावी, हा सल्ला सौंदर्याचा नाही; तो भांडवल अडकू न देण्याचा आहे.

देखभालीतही फरक आहे. बाहेरच्या भिंतीत ओल मुरत असेल तर खार फुटतो. त्याचे पांढरे डाग गडद रंगावर उठून दिसतात. गडद मॅटवर खुर्चीची पाठ किंवा पिशवी घासली की चकचकीत ओरखडा राहतो. गडद चकाकीदार रंगावर पुट्टीचा प्रत्येक उंचवटा तिरप्या उजेडात उघडा पडतो. फिक्या रंगावर मुलांचे हात आणि डोक्याच्या तेलाचे डाग दिसतात. डाग दोन्हीकडे आहेत. कोणते सोसायचे ते घराने ठरवावे. मात्र ओल आधी दुरुस्त करावी. ओल झाकणारा रंग अजून निघालेला नाही.

जुन्या भिंतीची शिकवण

फिका की गडद या प्रश्नाला जुन्या घरांनी एक उत्तर फार पूर्वी देऊन ठेवले आहे. जुनी दुकाने, शाळा, दवाखाने, जिने आठवावेत. कमरेपर्यंत गडद तेलरंगाचा पट्टा, पुष्कळदा हिरवाच, आणि त्यावर छतापर्यंत पांढरा किंवा फिका रंग. जेथे खांदे, पिशव्या, पोती आणि मुलांचे हात लागतात तेथे गडद. जेथे उजेड खेळतो तेथे फिका. ही रचना कोणा सजावटकाराने सुचवलेली नव्हती. ती रोजच्या वापरातून आली होती. राखी-हिरव्याच्या दोन छटा या पद्धतीने एकाच भिंतीवर सुखाने नांदतात. दोन्ही छटा शेडकार्डाच्या एकाच पट्टीवरील असाव्यात आणि मधली रेघ दारांच्या, खिडक्यांच्या आडव्या रेषांशी जुळवून घ्यावी.

त्या जुन्या पट्ट्याबाबत एक सावधगिरी मात्र अत्यावश्यक आहे. पूर्वीच्या तेलरंगांत शिसे असण्याची शक्यता असते. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांपेक्षा अधिक असू नये, असा नियम भारतात २०१६ मध्ये झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचा रंग भिंतीवर असेल तर तो कोरडा घासू नये. त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला आणि गरोदर स्त्रियांना घातक असते. पृष्ठभाग ओला करून घासावा, मुलांना त्या दिवसांत दुसरीकडे ठेवावे, घासकाम झाल्यावर जमीन झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. हिरव्या रंगाचा इतिहास या बाबतीत बोधप्रद आहे. १७७५ मध्ये शेले या रसायनशास्त्रज्ञाने तयार केलेला सुंदर हिरवा रंग सोमलाचा होता, आणि तो पुढे युरोपातील घरांच्या भिंतींवरील कागदांत पोहोचला. भिंत सुंदर असली म्हणजे निर्धोक असतेच असे नाही.

जिन्नस निवडतानाही थोडी चौकशी करावी. जुन्या कोरड्या डिस्टेंपरमध्ये प्राण्यांच्या कातड्या-हाडांपासून काढलेले सरस वापरले जात असे, आणि रंगाऱ्यांचे पारंपरिक ब्रश डुकराच्या केसांचे असतात. आजच्या अ‍ॅक्रिलिक इमल्शनमध्ये रंग धरून ठेवणारा घटक कृत्रिम असतो. ब्रशही नायलॉन-पॉलिएस्टरचे मिळतात. शिवाय पाण्यात मिसळणाऱ्या रंगांना तेच अधिक चांगले, कारण नैसर्गिक केस पाणी शोषून लुळे पडतात. कंत्राटदाराशी बोलणी करतानाच ही अट सांगितली तर त्याला अडचण नसते. काम सुरू झाल्यावर सांगितली तर वाद होतो.

उंबऱ्यापर्यंत नेलेला रंग

शेवटी पुन्हा त्या कल्पित घराकडे वळावे. शेडकार्ड मिटले जाते. दोन्ही छटांचे लहान डबे आणले जातात. जाड पुठ्ठ्याचे दोन बाय तीन फुटांचे चार तुकडे. दोन फिक्या छटेचे, दोन गडद. प्रत्येकावर दोन हात, कडेला दोन बोटे पांढरी जागा, म्हणजे जुन्या भिंतीचा रंग डोळ्याला फसवणार नाही. पुरते वाळल्यावर एका छटेचे दोन तुकडे काटकोनात जोडून कोपऱ्यात उभे केले जातात. भिंतीवरून भिंतीवर उसळणारा प्रकाश कसा दिसेल याचा अंदाज त्यावरून येतो. तीन दिवस ते तुकडे बैठकीत, जेवणघरात, हिशेबाच्या खोलीत फिरतात. सकाळी, दुपारी, जेवणाच्या वेळी आणि रात्री दिवे लागल्यावर प्रत्येकाने पाहायचे आणि आपले मत कागदावर लिहायचे. चर्चा शेवटी.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला जेवणघरात आजी आपल्या नेहमीच्या जागी बसतात. समोर गडद तुकडा. "हा लावलात तर मला ताटातले दिसायचे नाही," त्या म्हणतात. फिका तुकडा ठेवल्यावर त्या काही बोलत नाहीत, जेवू लागतात. तेच त्यांचे उत्तर. रात्री हिशेबाच्या खोलीत मात्र गडद तुकड्यासमोर त्या थांबतात. "इथे हा चांगला आहे. बटण कुठे आहे ते कळतं."

मग निर्णय अवघड राहत नाही. जेवणघर फिके, तेथील राखी अंश एका पायरीने कमी केलेला, कारण खिडकी उत्तरेची. हिशेबाची खोली गडद. बैठकीत कमरेपर्यंत गडद, वर फिका. सूनबाईंना त्यांचा रंग मिळतो, मुलाला त्याचा उजेड मिळतो आणि आजींना त्यांचे ताट दिसते.

यात खर्च झाला तो चार पुठ्ठ्यांचा, दोन लहान डब्यांचा आणि तीन दिवसांचा. साडी उंबऱ्यापर्यंत नेऊन पाहण्याइतकीच ही साधी गोष्ट आहे. गिऱ्हाइकासाठी जो उजेड आपण आनंदाने दाखवतो, तो घरच्या माणसांसाठीही दाखवावा; आणि ज्याचे डोळे सर्वांत थकलेले, त्याला तो सर्वांत आधी दाखवावा.